मोठ्या झोताच्या टॉर्चसाठी सेल निवडताना: आधी अँपिअर बघा, मग एमएएच

टॉर्च नवी कोरी होती. सेलही नवा, पूर्ण चार्ज केलेला. टर्बोचं, म्हणजे सर्वांत जास्त उजेडाचं बटण दाबलं की समोरचं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लख्ख उजळायचं आणि तीन-चार सेकंदांत गुडुप अंधार. मागचं झाकण अर्धा वेढा सैल करून पुन्हा आवळलं की टॉर्च परत सुरू, टर्बोवर गेली की परत बंद. स्प्रिंग पुसून पाहिली, आटे साफ केले, शेवटी टॉर्च बदलून घेतली. बदलून आलेल्या टॉर्चनेही पहिल्याच रात्री तेच केलं, तेव्हा कुठे माझं लक्ष सेलकडे गेलं.

सेल अस्सल होता. त्यावर ठळक अक्षरांत ३४०० एमएएच लिहिलेलं होतं आणि मी तेवढंच वाचून तो घेतला होता. टॉर्च टर्बोवर ९ अँपिअरच्या आसपास मागत होती आणि सेलच्या बुडाशी असलेलं संरक्षक सर्किट ६ अँपिअर ओलांडले की पुरवठा तोडत होतं. म्हणजे सर्किट नेमून दिलेलं काम चोख करत होतं. एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, आणि अँपिअर म्हणजे नळातून एका वेळी किती धार निघू शकते. मी टाकी बघून घेतली होती, नळ बघितलाच नव्हता.

१००० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) पुढची टॉर्च पहिल्यांदा घेणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच अडखळतो. म्हणून मी ज्या क्रमाने हे सगळं शिकलो त्यापेक्षा ज्या क्रमाने शिकायला हवं होतं, त्या क्रमाने लिहितो आहे.

सुरुवात करण्याआधी एवढं जवळ असू द्या:

- टॉर्चचं माहितीपत्रक (डबीतलं हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या)
- जो सेल घ्यायचा विचार आहे त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला तांत्रिक माहितीचा कागद
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं दाखवणारा चार्जर, शक्यतो क्षमता मोजणारा
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा
- सेल ठेवायच्या प्लास्टिकच्या डब्या

मल्टिमीटर नको, टॉर्च तर लावायची आहे, असं वाटेल. पण हाताने दाबून किंवा रंग बघून सेलमध्ये किती दम आहे हे कळत नाही. मीटर लावला की कळतं.

१. टॉर्चची भूक किती ते काढा

माहितीपत्रकातून चार गोष्टी कागदावर उतरवा: सेलचा आकार, सेल किती लागतात, एकापेक्षा जास्त असतील तर ते एकामागे एक (मालिकेत) जोडलेले आहेत की शेजारी-शेजारी (समांतर), आणि सर्वांत वरच्या पातळीला किती अँपिअर लागतात. पहिल्या तीन लगेच सापडतात. चौथी बऱ्याचदा लिहिलेलीच नसते. तिथे हा ढोबळ हिशेब वापरा.

मोठ्या उजेडावर चालणारी चांगली एलईडी टॉर्च एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन देते असं धरा. काही ८० देतात, काही १३०, पण अंदाजाला १०० पुरे. ३००० ल्युमेन म्हणजे ३० वॉट. सेलमधली वीज एलईडीला हवी तशी करून देणाऱ्या मधल्या ड्रायव्हर सर्किटमध्ये दहाएक टक्के वाया जातात, म्हणजे सेलमधून निघायला हवेत ३३ वॉट. लिथियम-आयन सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६. तेव्हा ३३ भागिले ३.६, म्हणजे ९ अँपिअरहून थोडे जास्त. हा झाला एका सेलच्या टॉर्चचा हिशेब. दोन सेल असतील तर मालिकेत असोत की समांतर, प्रत्येकावरचा भार निम्मा होतो.

याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. ३००० एमएएचच्या सेलमध्ये ३ गुणिले ३.६, म्हणजे १०.८ वॉट-अवर ऊर्जा असते. ३३ वॉटने खर्च केली तर ती २० मिनिटांत संपते. मग डबीवर '३००० ल्युमेन, २ तास' कसं लिहितात? टॉर्चच्या मोजणीसाठी एएनएसआय एफएल१ नावाचं मानक आहे. त्यात उजेड मोजतात तो टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते दोन मिनिटांच्या दरम्यान, आणि वेळ मोजतात ती उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. मधल्या काळात टॉर्च तापते म्हणून स्वतःच उजेड कमी करत जाते. आकडे नियमाप्रमाणे बरोबर असतात, फक्त ३००० ल्युमेन काही मिनिटंच मिळतात. कितीही महागडा सेल आणला तरी ही मिनिटं फारशी वाढत नाहीत, कारण तिथे अडवणूक करते ती उष्णता.

२. आकाराचे आकडे वाचायला शिका

सेलवरचा पाच आकडी क्रमांक म्हणजे त्याचं माप. १८६५० मधले १८ म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. त्याच रीतीने २१७०० म्हणजे २१ बाय ७०, २६६५० म्हणजे २६ बाय ६५, १८३५० म्हणजे १८ बाय ३५.

आज मोठ्या झोताच्या टॉर्चमध्ये १८६५० आणि २१७०० हे दोनच आकार सगळ्यांत जास्त दिसतात. टॉर्च अजून घ्यायची असेल आणि खिशात मावण्याचा हट्ट नसेल, तर माझा कौल २१७०० ला. हाताच्या पकडीत तीन मिलिमीटरचा फरक जाणवत नाही, पण सेलमध्ये ऊर्जा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढते. शिवाय बऱ्याच २१७०० टॉर्चमध्ये प्लास्टिकची बाही घालून १८६५० सुद्धा चालतो, त्यामुळे अडीअडचणीला दोन्ही वापरता येतात.

१४५०० पासून मात्र जपून राहा. तो दिसायला हुबेहूब नेहमीच्या एए पेन्सिल सेलसारखा, मापही तेच. पण एए सेल १.५ व्होल्टचा आणि हा पूर्ण चार्जला ४.२ व्होल्टचा. फक्त एए साठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो घातला तर सर्किट क्षणात जळू शकतं. माहितीपत्रकात '१४५०० चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घाला. १६३४० आणि सीआर१२३ए या जोडीचंही तसंच: माप जवळजवळ सारखं, पण सीआर१२३ए ३ व्होल्टचा आणि एकदाच वापरायचा, १६३४० चार्ज होणारा आणि ४.२ व्होल्टपर्यंत जाणारा. सीआर१२३ए चुकूनही चार्जरला लावू नका.

३. आत काय आहे ते ओळखा

अल्कलाइन सेल मोठ्या झोताला कामाचे नाहीत. त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला सेलच्या आतच होणारा अडथळा, जास्त असतो, जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि क्षमतेचा मोठा भाग वापरायलाच मिळत नाही. वर ते गळतात. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या टॉर्चचं झाकण उघडल्यावर स्प्रिंगभोवती जी पांढरी खरखरीत पूड दिसते ती याच गळतीची. ज्या टॉर्चवर जीव आहे तिच्यात अल्कलाइन ठेवून कपाट बंद करू नका.

एए आकाराचीच टॉर्च असेल तर निकेल-मेटल हायड्राइड घ्या. सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप आणले तेव्हापासून पडून राहिल्यावरही चार्ज टिकवणारे सेल सहज मिळतात. लिहिलेलं व्होल्टेज १.२ च आहे म्हणून ते अल्कलाइनपेक्षा मंद वाटतात, पण भाराखाली ते व्होल्टेज टिकवून धरतात. भार वाढला की हेच सेल पुढे असतात.

एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम एए सेल वजनाला हलके, थंडीत दम धरणारे आणि वर्षानुवर्षं टिकणारे असतात. गाडीत किंवा आपत्कालीन पिशवीत ठेवायच्या टॉर्चला मी तेच घालतो.

बाकी खऱ्या अर्थाने मोठा उजेड हवा असेल तर लिथियम-आयनला पर्याय नाही. सोनीने १९९१ मध्ये हे सेल पहिल्यांदा बाजारात आणले. आज टॉर्चमध्ये जे चांगले सेल येतात त्यांच्या नावात बहुधा 'आयएनआर' ही अक्षरं असतात. आय म्हणजे लिथियम-आयन, मधलं अक्षर आतल्या मुख्य धातूचं, आर म्हणजे गोल. एन असेल तर निकेल, एम असेल तर मँगनीज, सी असेल तर कोबाल्ट, एफ असेल तर लोह. जुन्या आयसीआर सेलमधून मोठा प्रवाह ओढणं धोक्याचं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आयएफआर म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. तो स्वभावाने शांत आणि सुरक्षित, पण व्होल्टेज ३.२, आणि चार्ज करायची मर्यादा ३.६५ व्होल्ट. ४.२ व्होल्टच्या चार्जरवर तो लावायचा नाही आणि टॉर्चमध्येही सांगितलं असेल तरच घालायचा.

४. अँपिअर आणि एमएएच यांचा मेळ घाला

एकाच मापाच्या डबीत कंपनीला दोन गोष्टी बसवायच्या असतात: ऊर्जा साठवणारा माल आणि प्रवाह वाहून नेणारे धातूचे पातळ पत्रे. एकाला जागा दिली की दुसऱ्याची जाते. म्हणून सर्वांत जास्त एमएएच आणि सर्वांत जास्त अँपिअर एकाच सेलमध्ये सहसा मिळत नाहीत.

उदाहरणं बघा. सॅमसंगचा ३५ई हा १८६५० सेल ३५०० एमएएचचा आहे आणि सलग ८ अँपिअर देतो. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएचचा, पण १५ अँपिअर देतो. २१७०० मध्ये सॅमसंगचा ५०ई ५००० एमएएचचा आणि सुमारे १० अँपिअरचा, तर मोलिसेलचा पी४२ए ४२०० एमएएचचा आणि तब्बल ४५ अँपिअरचा. आता पहिल्या पायरीवर काढलेला आपला आकडा होता ९ अँपिअर. ३५ई इथेच बाद. ३०क्यू आरामात चालेल. ५०ई कसाबसा काठावर.

काठावरचा सेल घेऊ नका. डेटाशीटमधला अँपिअरचा आकडा टॉर्चच्या मागणीच्या निदान दीडपट असावा, असा नियम मी स्वतःसाठी केला आहे. त्याला कारण आहे. समजा सेलचा अंतर्गत रोध, स्प्रिंग आणि जोड धरून सगळा मिळून ४० मिलीओहम आहे. १० अँपिअर ओढले की ०.४ व्होल्ट तिथेच गळतात आणि ४ वॉटची उष्णता तयार होते, तीही हाताच्या मुठीत असलेल्या बंद नळीत. रोध २० मिलीओहम असेल तर दोन्ही गोष्टी निम्म्या. सेल जुना होत जातो तसा हा रोध वाढतो, म्हणजे आज काठावर चालणारा सेल वर्षभराने चालेलच असं नाही.

टॉर्चचा ड्रायव्हर बूस्ट जातीचा असेल, म्हणजे सेलचं व्होल्टेज वाढवून ६ किंवा १२ व्होल्टच्या एलईडीला देणारा, तर आणखी काळजी घ्या. तो एलईडीला ठरलेले वॉट पुरवतच राहतो. सेल उतरत जाऊन व्होल्टेज कमी झालं की तेवढेच वॉट भरून काढायला सेलकडून जास्त अँपिअर ओढतो. म्हणजे सेल थकलेला असतानाच त्याच्यावरचा भार वाढतो.

उलट बाजूही आहे. काही टॉर्चमध्ये टर्बोवर सेल जवळजवळ थेट एलईडीला जोडला जातो. तिथे सेल जितका ताकदवान तितका उजेड जास्त आणि एलईडी तितकीच जास्त तापते. अशा टॉर्चच्या माहितीपत्रकात एखाद्या ठरावीक सेलचं नाव दिलेलं असेल तर तोच घ्या. त्याहून दांडगा सेल घालून बघण्याचा मोह एलईडी काळी पडेपर्यंत नेऊ शकतो.

आणि टर्बो क्वचितच लागत असेल, बहुतेक वेळ ३०० ते ५०० ल्युमेनवर तासन्‌तास चालायचं असेल, तर मोठ्या एमएएचचा सेल खुशाल घ्या. सुमारे १.५ अँपिअरच्या मागणीला कुठलाही अस्सल लिथियम-आयन सेल पुरा पडतो. फक्त टर्बोला हात लावायचा नाही हे लक्षात ठेवा.

५. संरक्षित की साधा, उंच टोपीचा की सपाट

संरक्षित सेलच्या बुडाशी नाण्याएवढं सर्किट असतं. शॉर्ट झाला, जास्त उतरला, जास्त चार्ज झाला किंवा मर्यादेपलीकडे प्रवाह ओढला तर ते पुरवठा तोडतं. त्यामुळे सेलची लांबी ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर होते, आणि काही टॉर्चमध्ये तो बसतच नाही. जबरदस्तीने झाकण आवळू नका. स्प्रिंग पूर्ण दबून सेलचं टोक चेपलं जातं.

माझा सल्ला असा: सुरुवात करत असाल आणि टॉर्चची मागणी सर्किटच्या मर्यादेत बसत असेल, तर संरक्षित सेल घ्या. टॉर्चमध्येच व्होल्टेज कमी झाल्यावर बंद होण्याची सोय असेल आणि मागणी जास्त असेल, तर साधा सेल घ्या, पण मग मल्टिमीटर आणि चांगला चार्जर याला पर्याय नाही. संरक्षित सेल घेताना अँपिअरचा आकडा आतल्या सेलचा नको, सर्किटचा विचारा. मी फसलो तो इथेच.

प्लसच्या टोकाला उंचवटा असलेले आणि सपाट असे दोन प्रकार येतात. ज्या टॉर्चमध्ये उलटा सेल घातला जाऊ नये म्हणून प्लसच्या जागेभोवती प्लास्टिकचं कडं असतं, तिथे सपाट सेल टेकतच नाही. टॉर्च बंद पडलेली वाटते. सपाट टोकावर लोहचुंबकाची चकती ठेवून काम भागवण्याचा उपाय कुणी सांगेल, तो करू नका. चकती सरकून कडेला टेकली की सेल शॉर्ट होतो.

काही कंपन्या स्वतःचा खास सेल वापरतात, त्यात प्लस आणि मायनस दोन्ही एकाच टोकाला असतात. तिथे बाहेरचा सेल चालेल का हे टॉर्च घेण्याआधीच पाहून घ्या.

६. खोटे सेल ओळखा

या बाजारात खोट्याचा सुळसुळाट आहे आणि तो अंगावर येणारा आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली चाळणी आकड्याची. १८६५० च्या मापात ३५०० एमएएचच्या आसपास नेहमीचे सेल थांबतात. ३६०० च्या वर आकडा दिसला की सावध व्हा, ५००० च्या वर दिसला की तो खोटाच समजा. ९९०० किंवा १२००० लिहिलेले सेल सर्रास दिसतात. एवढी ऊर्जा त्या मापात कुणालाही बसवता आलेली नाही. २१७०० मध्ये ५००० हा नेहमीचा वरचा आकडा. तिथे ८००० किंवा १०००० दिसले तर तेही सोडून द्या.

दुसरी चाळणी वजनाची. अस्सल १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, २१७०० साधारण ७० ग्रॅमचा. सुरुवातीच्या दिवसांत ६००० एमएएच लिहिलेले दोन सेल मीही घेतले होते. चकचकीत वेष्टन, दोन्हींवर एकसारखी छपाई. काट्यावर ठेवले तर एक ३१ ग्रॅम, दुसरा ३३. चार्जरच्या क्षमता मोजणीत पहिला ८४० एमएएचवर आटोपला. टॉर्चमध्ये तो मधल्या पातळीवरही दहा मिनिटांत मिणमिणायला लागायचा.

तिसरी चाळणी क्षमतेची, आणि ती वजनात पास झालेल्यांसाठी. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल नवं वेष्टन चढवून विकले जातात. वजन बरोबर, माप बरोबर, फक्त जीव अर्धा. चार्जरवर पूर्ण चार्ज करून, उतरवून, मोजून बघा. छापलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी निघाला तर चालेल, कारण मोजणीची पद्धत वेगळी असते. पाऊण भागही निघाला नाही तर परत करा. टोकांवर वेल्डिंगचे ठिपके किंवा ओरखडे दिसले तर मोजायचीही गरज नाही.

सॅमसंग, एलजी यांसारख्या कंपन्या हे सेल सुट्या विक्रीसाठी बनवत नाहीत. ते बॅटरी पॅक बनवणाऱ्यांसाठी असतात. त्यामुळे सुटा सेल आपल्यापर्यंत कुणाच्या तरी हातून येतो, आणि तो हात विश्वासाचा असणं महत्त्वाचं. टॉर्च बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचं स्वतःचं वेष्टन असलेला सेल थोडा महाग पडतो, पण पहिल्या सेलसाठी मी तोच घ्यायला सांगेन.

७. चार्जिंग

लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. चार्जरने तिथे थांबायलाच हवं. नवा चार्जर आणला की पहिल्या खेपेला 'पूर्ण' दिवा लागल्यावर सेल काढून मीटर लावा. ४.१५ ते ४.२२ च्या मधे आकडा आला तर ठीक. ४.२५ च्या वर गेला तर तो चार्जर वापरू नका. टॉर्चलाच चार्जिंगचं छिद्र असेल तरी हीच तपासणी करा.

चार्जिंगचा वेग सेलच्या एमएएचच्या निम्म्यापर्यंत ठेवा. ३००० एमएएचला १.५ अँपिअर, ५००० ला २ ते २.५. टर्बोवरून नुकताच काढलेला गरम सेल थंड होऊ द्या, मग लावा. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करू नका, कारण थंडीत लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते. वापरायला थंडी चालते, चार्जिंगला नाही.

झोपताना किंवा बाहेर जाताना चार्जिंग चालू ठेवू नका. चार्जर गादीवर किंवा कागदांच्या ढिगावर नको, फरशीवर असू द्या.

एक छोटी अडचण नेहमी विचारली जाते: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर टॉर्च चार्ज होत नाही, मग खराब आहे का? बहुधा नाही. काही टॉर्चच्या छिद्रामागे त्या केबलला लागणारे रोधक बसवलेले नसतात. जुन्या रुंद तोंडाच्या यूएसबीपासून टाइप-सीपर्यंत जाणारी केबल लावा, चार्ज होईल.

सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला असेल तर तो थकला आहे. २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिला असेल तर आतलं तांबं विरघळायला लागलेलं असू शकतं. चार्जर तो 'जिवंत' करू शकला तरी टॉर्चमध्ये घालू नका.

८. एकापेक्षा जास्त सेलची टॉर्च

इथे नियम कडक आहेत. दोन सेल एकामागे एक असतील आणि एक कमी भरलेला असेल, तर तो आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो. सेल तापतो, वायू सोडतो, आणि पाणी आत न जाणारी घट्ट नळी तो वायू बाहेर जाऊ देत नाही. टॉर्च फुटल्याच्या घटनांमागे बऱ्याचदा हेच असतं. सीआर१२३ए सारख्या एकदा वापरायच्या सेलनाही हा नियम लागू आहे. एक नवा आणि एक अर्धवट जुना कधीही एकत्र घालू नका.

म्हणून जोडी एकाच वेळी, एकाच प्रकारची घ्या. वेष्टनावर पक्क्या शाईने 'अ१, अ२' असं लिहा आणि ती जोडी कायम एकत्रच वापरा, एकत्रच चार्ज करा. घालण्याआधी मीटरवर दोघांतला फरक ०.०५ व्होल्टच्या आत आहे ना बघा. समांतर जोडणीतही हे बघावं लागतं, कारण तिथे भरलेला सेल रिकाम्यात एकदम प्रवाह ओततो. आणि समांतर जोडणीत एक सेल उलटा बसला तर तो सरळ शॉर्टच. तीन-चार सेलच्या टॉर्चमध्ये प्लस-मायनसची खूण वाचताना चष्मा लावा, उजेडात बघा, मगच झाकण फिरवा.

९. वेष्टन, साठवण, प्रवास

सेल हातात घेऊन प्लसच्या टोकाकडे नीट बघा. मधे धातूची टोपी, भोवती कागदाचं किंवा प्लास्टिकचं पातळ कडं, आणि त्याच्यावर दुमडलेली वेष्टनाची कड. त्या कडेखाली, एक-दोन मिलिमीटरवर, जी धातूची भिंत आहे ती मायनस आहे. सेलची सगळी बाहेरची डबीच मायनस असते. प्लस आणि मायनस यांच्या मधे तिथे नखाएवढ्या जाडीचं प्लास्टिक आहे, बस. म्हणून वेष्टन त्याच जागी फाटलं असेल तर सेल वापरू नका. नवं वेष्टन आणि नवं कडं मिळतं, गरम हवेने ते आक्रसून घट्ट बसतं. हाताने जमत नसेल तर सेल बाजूला ठेवा.

सुटा सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर टाकू नका. प्लास्टिकची डबी त्यासाठीच.

महिनाभर टॉर्च लागणार नसेल तर सेल ३.६ ते ३.८ व्होल्टवर आणून, बाहेर काढून, थंड जागी ठेवा. पूर्ण भरलेला आणि गरम जागी ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो. इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही थोडा प्रवाह खात राहतात, म्हणून रोजच्या वापरात झाकण पाव वेढा सैल करून ठेवण्याची सवय लावा. आट्यांवर विजेला अडवणारा थर असेल तर एवढ्याने जोडणी तुटते. याचा दुसरा फायदा मोठा आहे: पिशवीत बटण दाबलं जाऊन टर्बो चालू होत नाही. ३००० ल्युमेनच्या काचेला टेकलेलं कापड काही वेळात धुमसायला लागतं.

विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यायचे, चेक-इनच्या बॅगेत नाही, आणि टोकं झाकलेली हवीत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सेलला वेगळी परवानगी लागत नाही, आणि आपला १८६५० सेल जेमतेम ११ ते १३ वॉट-अवरचा असतो. तरी विमान कंपनीची सेलच्या संख्येवरची मर्यादा निघण्याआधी वाचा.

१०. सेल कधी टाकायचा

चार्ज होताना हाताला चटका बसेल इतका तापत असेल, भरून काढून ठेवल्यावर एका दिवसात ४.२ वरून ४.१ च्या खाली येत असेल, मोजणीत मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली गेला असेल, कुठे चेपला असेल, किंवा गोडसर उग्र वास येत असेल, तर त्याचं काम झालं. वास येणारा किंवा तापत चाललेला सेल घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि त्याच्याजवळ वाकून बघू नका, त्या वायूत विषारी घटक असतात. बाकीच्या सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. घरच्या कचऱ्यात टाकलेला सेल कचऱ्याच्या गाडीत दाबला जातो आणि तिथे पेट घेतो.